फुटबॉलसाठी कन्सोल की पीसी?

मित्रांनो, आज लातुरात गेमिंगच्या दुकानात मी स्वतःची लाज काढून घेतली.

कॉलेजातली ती, जिच्यावर माझा अजून जीव आहे, तिथं मला विचारायली होती, "भावासोबत घरी फुटबॉल खेळायचंय. कन्सोल घेऊ की पीसी?" आज बारा दिवसांनी नळ आला होता, तरी पाणी भरायचं सोडून ती आली.

मी म्हणालो, "पीसीच."

दुकानदार सलीमभाई म्हणाले, "नेमबाजीच्या गेमला पीसीचा माउस पाहिजे, खरंय. पण टीव्हीला जोडून शेजारी बसून फुटबॉल खेळायला कन्सोलच बरा."

तिच्यासमोर मला खोटं पाडलं म्हणून मी त्यांची कॉलर धरली.

ती म्हणाली, "कॉलेजबी असंच सरांशी भांडून सोडलंस तू. सरांचं ऐकून तरी घ्यायचं होतंस."

कन्सोलवर मी कधी खेळलेलोच नाही. सलीमभाईंची माफी उद्या मागतो. तिला काय सांगू?