कंपोझिटरचं साफ टेबल

छापखान्यात त्याला सगळे अजून कंपोझिटरच म्हणत. अक्षरं जुळवायचा शेवटचा शिशाचा खिळा हातातून सुटून वीस वर्षं झाली होती. खिळ्यांची छपाई बंद पडली तेव्हा बाकीचे जुळारी घरी गेले, हा राहिला, कारण मुद्रितं त्याच्याइतकी शुद्ध कोणी वाचत नसे. पुढे औषध दुकानदारांच्या संघाने रात्री उघड्या राहणाऱ्या दुकानांची रोजची यादी छापखान्याकडे सोपवली. आधी ती कागदावर निघे, मग संकेतस्थळावर. त्यासाठी कंपोझिटर पन्नाशीत रूबी ही संगणकाची भाषा शिकला. साध्या फाइलीत दुकानांची नावं लिहायची, एक आज्ञा द्यायची, की तयार पानं बाहेर पडत. सात वर्षांत यादीला एकदाही दुपारचे चार वाजले नव्हते. या गोष्टीचा त्याला इतका ताठा होता की त्याच्या शेजारी बसून डबा खायलाही कोणी तयार नसे.

मालकांच्या सुनेला तर तो डोळ्यांसमोर नको असे. ती दोन वर्षांपूर्वी ऑफिस सांभाळायला आली. संगणकाचं शिकलेली, जिभेला हाड नसलेली. एका सोमवारी तिने त्याचं जुनं यंत्र गोदामात नेऊन ठेवलं आणि टेबलावर नवं मांडलं. त्याला विचारलं नाही.

"जुनं चालत होतं," तो म्हणाला.

"चालत नव्हतं काका, रांगत होतं."

"रांगणारं पडत तरी नाही, सूनबाई."

त्याने नव्या यंत्रावर आज्ञा दिली. बराच वेळ काहीबाही उतरवून घेतल्यावर पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्या. रूबीत तयार सुटे भाग मिळतात, त्यांना जेम म्हणतात. त्यातल्या एकाला एका तिसऱ्या जेमची चौथी आवृत्ती हवी होती, दुसऱ्याला तिसरीच्या पुढची चालत नव्हती. त्याने पहिल्याला आवरलं तर दुसरा उखडला. दुसऱ्याला बांधून घातलं तर कळलं, ती तिसरी आवृत्ती या यंत्रावरच्या नव्या रूबीवर उभीच राहत नाही. एकाची शेपूट दाबली की दुसरा भुंके, असा सगळा प्रकार. साडेदहाला त्याने मालकांना पत्र लिहिलं, "सूनबाईंच्या उतावीळपणामुळे यादी बंद आहे," आणि खाली सही ठोकली.

मालक घरी होते. पत्र हातात पडताच त्यांनी फोन केला. "कोणाचं चुकलं ते मला चारला सांगा. ज्याने घोळ घातला त्याने यापुढे साइटला हात लावायचा नाही."

सूनबाईने स्पीकरवर लावलेला फोन ठेवला आणि ती म्हणाली, "ऐकलंत ना? तयारी ठेवा."

"तुम्हीच ठेवा. नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण मीच आणलंय काका. नाचायचं काम तुमचं."

बाराच्या सुमारास संघाचा एक दुकानदार फोनवर आग पाखडून गेला. पडद्यावर अजून कालचीच यादी होती, आणि काल ज्याची पाळी होती तो आज संध्याकाळीच कुलूप लावून जाणार होता. कंपोझिटर उठला, गोदामात गेला, कागदाच्या रिमांमागचं जुनं यंत्र ओढून त्याने भिंतीला जोडलं. आज्ञा दिली. पानं एका दमात बाहेर आली.

त्याने दारातूनच हाक मारली. "या! बघा या, रांगणारं काय करतंय ते!"

ती आली. पानांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "तुमच्या फोल्डरमध्ये लॉक फाइल नव्हती. नव्या यंत्रावर आणलं तेव्हाच मला दिसलं. कुठे आहे ती?"

"कसली?"

"कुठला जेम कुठल्या आवृत्तीचा घेतला, ते सगळं लिहून ठेवते ती."

"ती होय. ती मी रोज पुसतो."

"रोज?"

"काम झालं की टेबल साफ. छपाई झाली की खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकायचे. जुळवलेलं तसंच ठेवणारा कंपोझिटर मी आजवर..."

वाक्य त्याच्याच तोंडात अडकलं. जुन्या यंत्रात मुळी जुनेच जेम होते, म्हणून फाइल पुसली तरी रोज तीच जुळणी परत होत होती. नव्यात काहीच नव्हतं. कोणते घ्यायचे हे सांगणारी फाइल नाही, म्हणून यंत्राने बाजारातले नवे उचलले आणि ते आपसात भांडले. हे त्याला तिने सांगण्याआधी कळलं. तिला ते त्याच्या तोंडावर दिसलं, आणि ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं तुम्ही स्वतःच्या पायाखालची फळी काढत होतात, आणि त्यालाच साफसफाई म्हणत होतात."

गोदामात इंटरनेट नव्हतं, तिथून यादी साइटवर चढणार नव्हती. जुन्या यंत्राने आत्ताच बनवलेली ताजी लॉक फाइल त्याने उचलली, नव्यावर नेली, रूबीही जुनी बसवली आणि पुन्हा आज्ञा दिली. तीन वाजून दहा मिनिटांनी यादी लागली.

तोवर त्याच्या मनात दुसरंच शिजत होतं. गोदामात ती दोघंच होती. यंत्र हलवलं होतं तिने. हलवताना फाइल गेली, एवढं म्हटलं की पुरे. तिच्या दोन वर्षांपुढे त्याची तीस वर्षं होती आणि मालक माणूस जुना.

चारला मालक आले. "बोला."

"काकांनाच विचारा," ती हाताची घडी घालून म्हणाली. त्याचं मन तिने वाचलं होतं, हे उघड होतं.

कंपोझिटरने तिच्याकडे पाहिलं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण ती ते ऐकायला इतकी टपून बसली होती, की तेवढं सुख तिला देणं त्याच्या जिवावर आलं.

"चूक माझी. फाइल मी पुसत होतो."

"मग पत्रात हिचं नाव का लिहिलंस?"

"तेव्हा मला तसं वाटलं."

"वाटलं म्हणून सहीसकट लिहिलंस?" मालकांनी पत्र टेबलावर टाकलं. "साइट आजपासून ही बघेल. तू मुद्रितं वाच."

ते गेल्यावर तिने कोरा कागद पुढे सरकवला. "पासवर्ड."

त्याने लिहून दिला. "चारच्या आत लागली पाहिजे यादी."

"ते आता तुम्ही नका सांगू."

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं, सूनबाईला मधूनमधून शिव्या देत. बायको कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"म्हणजे शेवटी चालू तूच केलंस," ती म्हणाली.

"मीच. आणि काढून घेतलं माझ्याकडूनच."

"पण ती फाइल रोज पुसायला तुला सांगितलं कोणी होतं?"

त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.