इन्स्पेक्टरचा कोट

मी इंग्लंडमधल्या स्लाऊच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते तेव्हा एक वृद्ध नट रोज आमच्या वॉर्डात बायकोला भेटायला यायचे. टीव्हीवर त्यांनी वर्षानुवर्षं इन्स्पेक्टर रंगवला. मालिका संपली आणि पुढे कुणी काम दिलं नाही. बायकोला विस्मरणाचा आजार होता. नवऱ्याला ती ओळखत नव्हती, इन्स्पेक्टरला मात्र ओळखायची. म्हणून ते मालिकेतला कोट घालून, तोच करडा आवाज लावून यायचे. दाराशी खाकरून मगच आत शिरायचे.

एकदा मी तिचं बीपी घेत असताना ती त्यांना म्हणाली, "इन्स्पेक्टर, माझा नवरा येतच नाही हो. त्याला शोधाल?"

"कसे दिसतात?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही. माझ्यावर फार जीव होता त्याचा."

ते खिडकीकडे वळले. खाकरून म्हणाले, "एवढी खूण पुरे, मॅडम. सापडतील."