गाडीतली फ्रेंच बाई

अमेरिकेत रेडमंडला आल्यावर आम्ही जी जुनी गाडी घेतली, तिच्या सीडी प्लेअरमध्ये एक सीडी अडकलेली होती. एका फ्रेंच पॉप गायिकेच्या लाइव्ह कॉन्सर्टचा अल्बम. बटण दाबून, चिमट्याने ओढून, नवऱ्याने सगळे उपाय करून पाहिले. सीडी काही बाहेर येईना. गाडी सुरू केली की हजारो माणसं एकदम टाळ्या वाजवायची आणि आम्ही भाजी आणायला निघायचो.

आम्हा दोघांनाही फ्रेंचचा गंध नव्हता. आम्ही आवाज अगदी बारीक करून टाकायचो. पण सहा महिन्यांसाठी सासूबाई आल्या आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, एवढी जीव तोडून गातेय बिचारी, जरा मोठं कर की!"

पाचव्या गाण्यानंतर ती गायिका प्रेक्षकांशी थोडं बोलायची. बोलता बोलता तिचा आवाज कापायचा. प्रेक्षक चिडीचूप. मग टाळ्यांचा एकच कडकडाट. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोनदा ऐकून निकाल दिला, "हिची आई गेलेली दिसतेय."

तेव्हापासून तो भाग लागला की गाडीत कुणी बोलायचं नाही, असा नियम झाला. आई पदर सावरून बसायच्या, कधी डोळेही टिपायच्या. एकदा हायवेवर नवऱ्याने "एक्झिट हीच ना?" एवढंच विचारलं, तर त्यांनी हात वर करून त्याला गप्प केलं. एक्झिट गेली. टाळ्या संपेपर्यंत आम्ही दुसऱ्या गावात पोचलो होतो.

हिवाळ्यात एका संध्याकाळी नवरा आणि आई मला ऑफिसातून न्यायला आले. मुसळधार पाऊस होता, बस कॅन्सल झाली होती आणि माझ्या टीममधली एक फ्रेंच मुलगी स्टॉपवर भिजत उभी होती. आम्ही तिला गाडीत घेतलं. ती मागे आईंशेजारी बसली. नेमका तोच भाग लागला. आईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "विचार हिला, कधी गेली आई?"

मी इंग्रजीत विचारलं. मुलीने नीट ऐकलं आणि तिला हसू आवरेना. कॉन्सर्टसाठी घेतलेले नवे बूट चावताहेत, दोन्ही टाचांना फोड आलेत, तर पुढचं गाणं मी अनवाणी म्हणणार आहे, कृपा करून माझ्या पायांचे फोटो काढू नका, असं ती गायिका सांगत होती.

मी हे मराठीत सांगितलं. नवरा स्टीअरिंगवर डोकं टेकून हसायचाच बाकी होता. सिग्नल हिरवा झाला म्हणून वाचला. मला आईंची काळजी वाटली. इतके दिवस त्यांनी खरे अश्रू ढाळले होते.

आई मात्र जराही डगमगल्या नाहीत. "मग बरोबरच आहे. टाचेला फोड आल्यावर माणूस काय म्हणतं? आई गं! आईचीच आठवण येते."

हे मी इंग्रजीत करून सांगितलं, तर त्या मुलीचं हसू ओसरलं. ती म्हणाली, "गाणं तसं बंडलच आहे. पण माझी आई कपड्यांना इस्त्री करताना हेच लावायची." मग तिने खिडकीकडे तोंड केलं. आईंना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी पिशवीतून चकलीचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

तिचं घर आलं. निरोप घेताना तिने आईंना धन्यवाद म्हणायचा फ्रेंच शब्द शिकवला, 'मेर्सी'. पण आईंचा 'र' तिला पसंत पडेना. तो घशातून यायला हवा होता. पावसात, एका छत्रीखाली, तोंड वर करून दोघी खर्र खर्र करत उभ्या. शेजारच्या घरातला दिवा लागला. नवऱ्याने हताश होऊन इंजिन बंद केलं.

"हात्तिच्या!" आई एकदम ओरडल्या. "गुळण्या करायच्या होय! आधी नाही का सांगायचं?"