खोट्या नाण्यांचे सर

नाणं खरं निघालं की खोटे सरांचं तोंड उतरायचं. आडनाव त्यांचं वेगळंच. हे नाव कळमनुरीच्या शाळेत आम्ही मास्तरांनीच ठेवलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारात रोमची नाणी आपल्याकडे येत. ती पाहून इथल्या सोनारांनी तशीच घरी पाडली. सर जमवायचे ती ही नकली नाणी, बाकी काही नाही.

"खरं नाणं कोणताबी बादशहा पाडतो," ते म्हणायचे. "आपल्या सोनाराला ती लिपी येत न्हवती, तरी गड्यानं अक्षरं कोरली. उलटीसुलटी, पण बराबर गोलात बसवली. जिगर पाहा." चित्रकलेचा माणूस. परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोराचं आधी अक्षर बघून कौतुक करायचे आणि मग त्याला वर्गाबाहेर काढायचे.

फसायचेही. जवळा बाजारच्या एका भंगारवाल्यानं महिन्यापूर्वी पाडलेलं नाणं त्यांच्या गळ्यात मारलं. "हे खोट्याचं खोटं हाय," सर धुमसले. "असल्या बेइमानीला माझ्याकडं जागा न्हाई." मला हसू आवरेना, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

जीव मात्र त्यांचा हट्टा गावाजवळ, मेंढरं राखणाऱ्या अनसाबाईच्या देव्हाऱ्यात अडकला होता. तिच्या सासऱ्याला माळावर सापडलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं एक नाणं तिथं होतं. त्यावरचा रोमचा बादशहा त्या घरात खंडोबा म्हणून भंडारा लावून बसला होता. दर चंपाषष्ठीला सर माझ्या मोटारसायकलवर मागे बसून जायचे, भरीत-रोडगा खायचे आणि म्हणायचे, "एकदा भिंगाखाली बघू द्या." अनसाबाई म्हणायची, "देवाला काय तपासता, सर?" अशी सहा वर्षं गेली.

सातव्या वर्षी म्हातारीनं देव धुऊन ताटात ठेवला. "बघा. पण खरा हाय का खोटा ते सांगा. खोटा असंल तर घेऊन जा. खोट्याला काहून पुजायचं?"

सरांनी भिंग लावलं. मीही वाकून पाहिलं. अक्षरं उलटी, बादशहाचे डोळे आपल्या मुखवट्यासारखे टपोरे. मलासुद्धा कळलं. मी सरांना कोपरानं ढोसलं. अनसाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी होती, पापणी लववत नव्हती.

"खरा हाय, अनसाबाई," सर म्हणाले. "शंभर टक्के."

तिनं देव कपाळाला लावून जागेवर ठेवला आणि सरांना आणखी एक रोडगा वाढला.

परतताना मी चिडलो. "हातात आलेलं सोडलंत काहून?" सर मागून म्हणाले, "ते अक्षर किती सुंदर उलटं होतं हो." घर येईपर्यंत हेच तीनदा ऐकवलं.

दिवाळीआधी सर गेले. त्यांच्या नाणी खोचायच्या वहीत एक खाच रिकामी होती. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'सर्वांत उत्तम खोटं. जागेवर आहे.'

या चंपाषष्ठीला मी एकटाच गेलो. अनसाबाईनं दोन ताटं मांडली होती. मी सांगितल्यावर ती दुसऱ्या ताटाकडे बघत बसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "लई खरा माणूस होता, व्हय ना?"

मी व्हय म्हणालो. सर असते तर तोंड उतरलं असतं त्यांचं.