महादेवाच्या नावावर रानात

आमच्या घरी न्हावी यायचा आणि मागच्या अंगणात बसवून माझं डोकं भादरून जायचा. नवरा जाऊन वर्षं लोटली, तरी वस्तरा काही थकेना. मीच थकले. एके दिवशी सासूबाईंना म्हटलं, जव्हारच्या रानात एक महादेव आहे, कार्तिकापासून शिमग्यापर्यंत तिथं एकटीनं राहून अनुष्ठान करीन म्हणते. भाऊजी, म्हणजे माझे दीर, लगेच हो म्हणाले. एक ताट कमी होणार होतं ना.

तुम्हाला जायचं असेल तर नाशकाहून इगतपुरीपर्यंत आगगाडी, पुढं खोडाळ्याला बैलगाडी. गाडीवान भाडं वाढवून मागेल. देवाचं नाव काढा, मुकाट्यानं खाली येतो. रस्ता मेला असा की हाडं जागेवर आहेत ना, हे उतरल्यावर चाचपून बघावं. मीठ, गूळ, काड्यापेट्या खोडाळ्याच्या बाजारातच घ्या. पोशेऱ्यापुढं पायवाट आहे. जव्हार संस्थानच्या हद्दीत शिरलं की ओढ्याकाठी महादेवाची शिळा आणि तिच्याशेजारी गवत कापणाऱ्यांनी सोडलेली कुडाची झोपडी. तोच माझा महाल.

आधी मी फार भ्याले. पान पडलं तरी वाघ. मग ध्यानात आलं, इथं मला घाबरवणारं कुणीच नाही, मीच आपली हौसेनं घाबरतेय. घरी एकभुक्त असणारी मी त्या दिवसापासून दोन वेळा जेवू लागले. निखाऱ्यावर कांदा भाजून खाल्ला, तोही महादेवासमोर. त्यानं काही हरकत घेतली नाही. डोक्यावरचा पदर काढला, मोठ्यानं गाणी म्हटली. जप मात्र राहूनच गेला.

बाजाराच्या दिवशी पाड्यावरची बुधी नागलीचं पीठ घेऊन यायची. तिचंही कुंकू गेलेलं, पण नंतर तिनं दुसरं लग्न केलेलं. माझ्या डोक्याकडं बघून तिनं विचारलं,

"बाय, तुजं क्यास कोनी काढलं?"

"नवरा गेला माझा."

"दादला मेला, तं क्यासांनी काय केलं?"

माघात ती लाकडी फणी घेऊन आली. "आता ही लागंल तुला," म्हणाली. पाठीमागं बसून तिनं माझ्या बोटभर केसांतून फणी फिरवली आणि मला रडू फुटलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या डोक्याला मायेनं हात लावला होता.

शिमग्याला घरी आले. मागच्या अंगणात पाट मांडलेला, न्हावी धोकटी उघडून बसलेला. माझे केस तोवर कानाशी आले होते. ते आता एका घटकेत मातीत जाणार होते.

"बसा वहिनी," भाऊजी म्हणाले.

"बसते की. पण महादेवाला लांबसडक वेणी वाहीन असं बोललेय मी. मध्ये वस्तरा लागला तर कोप व्हायचा. आणि घरच्या कर्त्या पुरुषावरच होतो म्हणे."

भाऊजींनी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाईंनी न्हाव्याकडं. त्यानं धोकटी गुंडाळली.

फणी माझ्या उशाखाली आहे. वेणीचं मी महादेवाला कधी बोललेच नव्हते. त्याला ते ठाऊक आहे, आणि कांद्याच्या वेळी गप्प बसलेला देव आताही गप्प बसेल. सकाळी सगळ्यांच्या देखत मी ओसरीवर बसून केस विंचरते.