हौशाचं शिंग

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. आणि मी कसा माणूस आहे ते आमच्या भोकरदन तालुक्यात कुणालाही विचारा — बदनापूरच्या स्टेशनातून सुटलेली गाडी मी नुसत्या शिट्टीवर थांबवली होती, आमच्या विहिरीत वाकलं की जालन्याच्या बाजारातला गलका ऐकू येतो, आणि एका उन्हाळ्यात आमच्या कोंबडीनं अंडं उकडूनच घातलं होतं. हे सगळं मीच सांगितलं आणि लोकांनी वर चहा पाजला. जे घडलं नाही ते सांगताना माझी जीभ कधी अडली नाही. हे घडलं आहे.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर ती गोष्ट ऐकलीच असेल — एका सुताराच्या गिटारीत सतार राहायला आली होती, आणि पोळ्याच्या दिवशी मेलेला बैल येऊन तिला घेऊन गेला. ती गोष्ट माझी. माझ्या सगळ्या गोष्टींत तीच जास्त चालली. लोकांच्या अंगावर काटा येतो. पण त्या गोष्टीखाली काय झाकलंय हे मला कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

तो सुतार म्हणजे आश्रुबा, माझा लहानपणापासूनचा मित्र. तोंडाचा तिखट आणि हाताचा गर्विष्ठ. छपरावरून पडल्यापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता, पाय कायम काठीसारखा सरळ. रेडिओवर सतार लागली की हा रंधा खाली ठेवायचा, आणि गिऱ्हाइकानं दाराचं विचारलं तर त्याला हातानंच गप्प करायचा. स्वतः वाजवावी असं फार होतं त्याच्या मनात. पण सतारीला मांडी घालून बसावं लागतं. मग यानं ठरवलं — खुर्चीवर बसून वाजवता येईल अशी सतार करायची. जालन्यातल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची मोडकी गिटार आणली, सांधे उकलून मापं घेतली आणि शिवणीच्या लाकडाची नवी गिटार घडवली.

मी म्हणालो, "आश्रुबा, सतारीला भोपळा लागतो."

"तुह्यं डोकं हाय की. लागलंच तर मागून घेईन."

गिटार झाली देखणी, पण आवाज गिटारीचाच. तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला घोडी म्हणतात. यानं सागाची घोडी करून पाहिली, बाभळीची केली. न्हाई. तेवढ्यात त्याचा हौशा नावाचा बैल म्हातारपणानं गेला. आश्रुबानं त्याला शेतात बांधाशी पुरलं आणि एक शिंग तेवढं ठेवून घेतलं. त्या शिंगाची त्यानं घोडी घासली — दोन बोटं रुंद, वरून सपाट वाटणारी. आणि माझ्या अंगणात पहिल्यांदा तार छेडली.

काय सांगू? पितळी घागरीत भुंगा अडकावा आणि त्याला बाहेर पडायची घाई नसावी, असा तो आवाज होता. माझी गाय रवंथ करायची थांबली. हसू नका — हे खरं आहे.

पावसाळ्यात आश्रुबाचं छप्पर गळायचं, म्हणून गिटार माझ्या घरी खुंटीला टांगलेली असायची. "नान्या, जीव ठेवून चाल्लो तुह्याकडं. हात लावू नको," असं तो रोज बजावायचा. आता मला सांगा, असं सांगितल्यावर कुणाचा हात थांबतो? मला एकच लागून राहिलं होतं — हा आवाज बसतो कुठं? लाकूड साधं. तारा बाजारातल्या. मी भोकातून बॅटरी मारून पाहिलं, पाठीला कान लावला, एकदा तर हुंगूनसुद्धा पाहिलं. आश्रुबाला विचारलं तर म्हणाला, "तुह्या डोस्क्यात काय बसून राह्यलं ते आधी सांग, मंग मी हे सांगतो."

त्यात औरंगाबादहून सतार शिकवणारे एक सर येणार असं ठरलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला. त्यांना आवाज पटला तर त्यांच्या कार्यक्रमात आश्रुबानं स्वतः बसून ती वाजवायची होती — स्टेजवर, खुर्ची टाकून, सरळ पाय पुढं सोडून. आश्रुबानं नवा सदरा शिवला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणाला टाकून बोलत नव्हता.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी — इथंच मी नेहमी थांबतो, मनातल्या मनातसुद्धा.

मी माझ्या बैलांची शिंगं साळत होतो. आमच्यात पोळ्याला फुटक्या काचेनं शिंग खरवडतात, तेल चोळतात, मग हिंगूळ लावून बेगड चिकटवतात. हाताला बापजाद्यांची सवय. शिंग दिसलं की ते चमकलं पाहिजे, एवढंच त्या हाताला कळतं. काच हातात घेऊनच मी पाणी प्यायला घरात आलो, आणि खुंटीवर गिटार.

तारा सैल केल्या. घोडी उचलून उजेडात धरली. वरचा भाग मंद, धुरकट, बारीक ओरखड्यांचा. मला वाटलं, एवढ्या खरबरीत शिंगातून एवढं गोड निघतं, तर चकचकीत केल्यावर काय निघेल? सणासुदीचा हौशाही सजेल. खरंच असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू — आता तरी? मी ती साळली. हळूच साळली. तेल लावलं. आरशासारखी झाली. पुन्हा बसवली, तारा ताणल्या, छेडल्या.

ठण्.

पत्र्याचा डबा वाजावा तसं. घाबरून मी आणखी खरवडली, आणखी बिघडली. मग चमक दिसू नये म्हणून चुलीतली राख चोळून ती पुन्हा मंद केली आणि गिटार खुंटीला टांगली. आवाज कुठं बसतो ते तेव्हा कळलं. घोडीच्या माथ्यावरच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या त्या बारीक उतारात, जो मी खरवडून टाकला होता. तार जिथं टेकत नाही, नुसती घासून जाते, तिथं.

पोळ्याच्या सकाळी आश्रुबा आला. सूर लावले, वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही त्यानं. त्यानं लाकूड ठोकून पाहिलं, तारा पाहिल्या, आणि मग घोडी काढून हातात घेतली. ती डोळ्याजवळ नेली. आणखी एक क्षण गेला असता तर त्याला दिसलं असतं. तेवढ्यात मी बोललो.

"आश्रुबा, आज पोळा. आज बैलाला कुणी जुंपतं का?"

त्यानं वर पाहिलं.

"हौशाचंच शिंग न्हाई का ते? जन्मभर राबला. मेल्यावरबी तू त्याला जुंपलास, अन् तेबी सणाच्या दिवशी. निघून गेला असंल तो."

घोडी त्यानं निखारा असल्यासारखी खाली ठेवली.

मला भीती वाटली होती, हे खरं. पण त्याहून वाईट असं की, वाक्य तोंडातून निघतानाच मला कळलं होतं — गोष्ट झकास जमली. आणि मला बरं वाटलं. समोर मित्राचा चेहरा उतरत होता, आणि मी मनात पुढचा भाग रचत होतो.

करीला सर आले. त्यांनी एकदाच तार छेडली आणि ओळखलं. "जवारी गेलीय, घोडीचा तो बारीक उतार. घोडी द्या इकडं, घासून बघू, कदाचित खुलेल." इतकं साधं होतं ते. खरं बोलायला मला दुसऱ्यांदा जागा मिळाली होती. आश्रुबानं गिटार त्यांच्या हातातून काढून घेतली. "न्हाई सर. आता त्याला त्रास न्हाई देणार." सरांना काही कळलं नाही. सुतारकाम सुबक आहे म्हणाले, पुरणपोळी खाल्ली आणि दुपारच्या बसनं गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो आणि वाटेत कोंबडीची गोष्ट सांगितली.

आश्रुबानं ती घोडी बांधाशी, हौशाजवळ पुरली. पुन्हा गिटार केली नाही. खाटा केल्या, दारं केली. रेडिओवर सतार लागली की आता तो रंधा थांबवत नाही, जोरात मारतो. दर पोळ्याला बांधावर नैवेद्य ठेवतो आणि हौशाची माफी मागतो. मला बरोबर नेतो. एकदा त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुमी व्हते म्हणून कळलं तरी, आमचं चुकलं कुठं." मी मान डोलावली.

आता माझ्यापेक्षा आश्रुबाच ती गोष्ट जास्त सांगतो. काही न वाढवता सांगतो. शेवटी म्हणतो, "चूक महीच व्हती." लोक माझ्याकडं बघतात. आणि मी — ज्यानं कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही — गप्प बसतो.

बैलानं काही नेलं नाही. घोडी मी साळली, काचेनं, माझ्या घरात, भर दिवसा. राख मी चोळली.

हे मी लिहून काढलंय, आणि आश्रुबाला वाचता येतं. चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून, सावकाश वाचतो तो. इथपर्यंत येईल.