मास्तरच्या कमरेचं माप

माझ्या धाकट्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, कापड बेतणारा. काजं-बटणं, इस्त्री आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत ही खाती माझ्याकडे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. लग्न दोघांनीही केलं नाही; एकमेकांचं डोकं खायला आम्ही दोघंच पुरेसे आहोत.

तीन वर्षांपूर्वी मास्तरला आवाज ऐकू यायला लागले. मशीन बंद असलं तरी कुणीतरी त्याच्या कानाशी म्हणायचं, "बाही वाकडी कापलीस, सगळे हसतायत." पुढे त्याला वाटू लागलं की गिऱ्हाइकं कोटाच्या अस्तरात काहीतरी लपवून त्याच्यावर पाळत ठेवतात. एका दुपारी त्याने शिवून तयार झालेले चार कोट उसवून टाकले. त्या चिंध्यांत बसून मी पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ओलान्झापिन सुरू केलं. दोन महिन्यांत आवाज आधी पुसट झाले, मग थांबले. मास्तर पुन्हा शीळ घालत खडूच्या रेघा मारू लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. भूक मात्र त्याची खवळली. रात्रीचं पातेलं सकाळी घासायला घ्यावं तर ते आधीच लख्ख.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "वजन वाढतंय का?" त्यांच्या खोलीतला काटा कित्येक महिने दुरुस्तीला गेलेला. मी ठणकावून सांगायचे, "छे हो! आजारी पडण्याआधीची करडी पँट अजून जशीच्या तशी बसते." मास्तर शेजारी बसून मान डोलवायचा. त्याचे गाल भरले होते, पण आजारात तो इतका वाळला होता की मला त्याचं कौतुकच वाटायचं. आणि शिंप्याच्या घरात पँटीवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

मग एकदा ती पँट मी उलटी करून इस्त्रीला घेतली. मागच्या शिवणीवर जुन्या टाक्यांच्या भोकांच्या सहा ओळी होत्या, एकीशेजारी एक. शिवताना आत जादा ठेवलेलं कापड त्याने बोटबोट करत सगळं सोडवलं होतं. तेही संपलं तेव्हा पाचर, म्हणजे वेगळ्या कापडाचा त्रिकोणी तुकडा, जोडली होती. पाचरीचं कापड मी लगेच ओळखलं. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, वकीलसाहेबांच्या कोटातून उरलेलं!

मी पँट घेऊन पडद्याबाहेर आले. "हे काय आहे?"

मास्तरने कात्री खाली ठेवली. "पँट."

"ते मलाही दिसतंय! डॉक्टरसमोर मला खोटं बोलायला लावलंस तू."

त्याने खडूने कापडावर टकटक केलं. मग म्हणाला, "ताई, वजन सांगितलं असतं तर त्यांनी गोळी बदलली असती. कान आत्ता कुठे शांत झालेत. तो आवाज परत आला तर?"

माझा राग तिथेच ओसरला. दोन वर्षं हा माणूस पोट वाढू देत होता, केवळ कानात शांतता राहावी म्हणून.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पँट उलटीसुलटी पाहिली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "मी शेजारच्या खोलीतून काटा मागवायला हवा होता. चूक माझीही आहे." रक्त तपासलं, तर साखर अगदी काठावर. मास्तर खुर्चीच्या कडेला बसला होता, पळून जायच्या बेतात.

"या नव्या पिढीच्या गोळ्या एका घरातल्या असल्या, तरी स्वभाव वेगवेगळे," त्या म्हणाल्या. "ओलान्झापिन आवाज चांगले आवरतं, पण वजन आणि साखर वाढवतं. रिस्पेरिडोनचा वजनाला त्रास थोडा कमी, पण काहींचे हात कापतात, अंग जखडतं. क्वेटियापिनने झोप फार येते. ॲरिपिप्राझोल वजनाला बरं, पण काहींना एका जागी बसवत नाही. आणि क्लोझापिन म्हणजे दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही तरच. त्याला रक्ताची तपासणी सारखी करावी लागते. कुणाला काय मानवेल ते आधी सांगता येत नाही. आपण हळूहळू बदलू. एक कमी करत दुसरं वाढवू. मधेच मनाने बंद मात्र करायचं नाही."

आधी रिस्पेरिडोन झालं. आवाज आले नाहीत, पण मास्तरचा हात कापू लागला. खडूची सरळ रेघ नागमोडी जायची. त्याने एक बाही कापली आणि कात्री माझ्या हातात दिली. "आता तूच काप," म्हणाला. मी त्याच आठवड्यात त्याला परत नेलं.

मग ॲरिपिप्राझोल. पहिले पंधरा दिवस दुकानात नुसत्या येरझाऱ्या. टेबल ते दार, दार ते टेबल. गिऱ्हाइकांना चक्कर यायची. डॉक्टरीणबाईंनी मात्रा कमी केली, येरझाऱ्या थांबल्या. हाताचं कापणंही गेलं होतं.

भीती मात्र माझ्या उरात ठाण मांडून होती. एका दुपारी तो कापड बेतता बेतता थबकला. मान वर केली. चेहरा पांढरा.

"ताई, आत्ता कुणी बोललं का?"

मी इस्त्री उभी करून ठेवली. मग आठवलं. "मीच बोलले रे! चहा निवतोय म्हटलं. दोनदा म्हटलं!"

"दोनदा कशाला?"

"तू ऐकत नाहीस म्हणून, मेल्या!"

तो हसला. मी पडद्याआड गेले आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिले. हसू आवरत नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले. कान शांत आहेत, साखर उतरली आहे, रेघ सरळ आहे. आज सकाळी मास्तरने टेप माझ्या हातात दिली. स्वतःच्या कमरेचं माप स्वतःला नीट घेता येत नाही. वाकून आकडा बघायला गेलं की टेप सरकते. इतकी वर्षं तो ते माप अंदाजानेच घेत होता, चोरून.

"मोज," तो म्हणाला. "आणि जे येईल ते मोठ्याने सांग. डॉक्टरांना हेच सांगायचंय."

"इस्पितळात मोजलेल्या बेचाळीसवरून अडतीस!" मी ओरडलेच.

"पोट आत ओढलं नव्हतं हं मी."

"माहितीये. बोट घालून बघितलंय."

मग त्याने ती करडी पँट टेबलावर उलटी पसरली, पाचर टाका टाका उसवून काढली आणि दोन बोटांत धरून माझ्यासमोर केली. "वकीलसाहेबांना परत नेऊन देतेस?"

मी हसता हसता रडायला लागले, आणि मास्तर घाईघाईने पँट बाजूला ओढत म्हणाला, "ताई, इकडे नको, डाग पडतील."